मीडियम फॉरमॅट फिल्म कॅमेऱ्यावरचं टिल्ट आणि शिफ्ट

टिल्ट-शिफ्ट म्हणजे कॅमेऱ्याची लेन्स फिल्मसमोर नेहमीसारखी सरळ आणि मधोमध न ठेवता मुद्दाम सरकवणं किंवा कलती करणं. सरकवली तर शिफ्ट (त्यातही वर सरकवली की राइझ, खाली आणली की फॉल), पुढे-मागे झुकवली तर टिल्ट, आणि दारासारखी डावी-उजवीकडे वळवली तर स्विंग. लोक टिल्ट-शिफ्ट एका दमात म्हणतात म्हणून दोन्हींचं काम एकच असेल असं वाटतं, पण दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. फ्रेममध्ये काय बसणार ते शिफ्ट ठरवतं, आणि त्यातलं काय शार्प येणार ते टिल्ट.

शिफ्ट समजून घ्यायला इंदूरचा राजवाडा मस्त आहे. सात मजली, खालचे तीन दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे, समोरच्या बगिच्यात उभं राहून कॅमेरा जरा वर केला की अख्खा वाडा मागे रेलतो आणि दोन्ही कडा वर एकमेकींकडे झुकतात, कारण फिल्म आता भिंतीला समांतर राहिली नाही. बरं, कॅमेरा सरळ ठेवावा तर अर्धी फ्रेम रस्ता, रिक्षा आणि ठेले खातात नि वरचे मजले कापले जातात. इथे राइझ कामाला येतो: कॅमेरा लेव्हलमध्ये तसाच, फक्त लेन्स वर. हिशेब तोंडी होतो, लेन्स ७५ मिलिमीटर फोकल लेंथची आणि वाडा ३० मीटरवर असेल तर लेन्स १ मिलिमीटर वर नेली की फ्रेम वाड्यावर ४० सेंटिमीटर वर चढते, १५ मिलिमीटर नेली की चक्क ६ मीटर. माझं मत विचाराल तर कडा शंभर टक्के सरळ करू नयेत, किंचित झुकाव राहू द्यावा, नाहीतर इमारत वरून रुंद झाल्यासारखी दिसते.

याची किंमत लेन्सला मोजावी लागते. मीडियम फॉरमॅटची (३५ मिमीपेक्षा मोठी, साधारण ६ सेंटिमीटर रुंद रोल फिल्म) ६×६ ची फ्रेम खरी ५६×५६ मिलिमीटर, म्हणजे कर्ण साधारण ७९ मिलिमीटर, आणि साधी लेन्स त्याच्यापेक्षा थोडंच मोठं उजेडाचं वर्तुळ फिल्मवर पाडते. सरकवत गेलं की फ्रेमचा कोपरा त्या वर्तुळाबाहेर जातो आणि काळा येतो. हॅसलब्लाडच्या फ्लेक्सबॉडी या कॅमेऱ्याला (१९९५) हीच अडचण होती, नेहमीच्याच लेन्स लागायच्या म्हणून शिफ्टला जागा कमी, मग १९९७ मध्ये आर्कबॉडी आली ती मोठ्या वर्तुळाच्या स्वतःच्या लेन्स घेऊन. पेंटॅक्स ६७ आणि मामिया आरबी-आरझेड या कॅमेऱ्यांसाठी ७५ ची शिफ्ट लेन्स वेगळी मिळायची.

युक्ती म्हणून यात नवीन काही नाही. काचेच्या प्लेटवाल्या बेलोजच्या (घडीच्या भात्याच्या) कॅमेऱ्यांत लेन्स वर-खाली सरकायचीच, आणि त्या काळाचा इंदूरशीही संबंध आहे, प्रसिद्ध फोटोग्राफर राजा दीनदयाळ इथेच बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी इथेच कॅमेरा हातात घेतला.

टिल्टचं गणित थिओडोर शाइम्प्फ्लुग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने चालतं, त्याचं पेटंट १९०४ चं, जरी फ्रान्सच्या ज्यूल कार्पांतिएने १९०१ मध्येच तसं मांडलं होतं. एरवी शार्प पातळी फिल्मला समांतर असते, समोर उभ्या केलेल्या काचेसारखी. लेन्स झुकवली की ती काचही कलते, पार जमिनीवर आडवी करता येते, आणि मग पायाजवळच्या फरशीपासून लांबच्या भिंतीपर्यंत सगळं एकाच फोकसमध्ये. मीडियम फॉरमॅटला हे जास्त लागतं कारण ३५ मिमीच्या मानाने लेन्स लांब, त्यामुळे डेप्थ (पुढे-मागे जेवढं अंतर शार्प येतं ते) कमी. इंदूरच्याच कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसमोर (होळकरांची समाधी-स्मारकं) खाली बसून ओट्याचे दगड आणि मागची छत्री दोन्ही शार्प हवी असतील तर नुसतं एफ २२, म्हणजे लेन्सचं भोक अगदी बारीक, करून भागत नाही. पण टिल्टमध्ये डेप्थ पाचरीसारखी असते, कॅमेऱ्याजवळ पातळ आणि लांब जाऊन जाड, म्हणून जवळच एखादा उंच खांब असला की त्याचा पाय शार्प नि डोकं ब्लर. अशा ठिकाणी टिल्ट शून्यावर आणून अ‍ॅपर्चर (तेच भोक) बारीक केलेलंच बरं.

रोलाय एसएल६६ (१९६६) या बेलोजवाल्या एसएलआरमध्ये लेन्स वर-खाली ८ अंशांपर्यंत झुकते, शिफ्ट मात्र नाही. ८० ची लेन्स पूर्ण ८ अंश झुकवली तर शार्प पातळीची बिजागरी लेन्सच्या साधारण ५७ सेंटिमीटर खाली येते, आणि फोकस फिरवला की पातळी त्या बिजागरीवर पेटीच्या झाकणासारखी वर-खाली होते. कॅमेरा १२० सेंटिमीटर उंच असेल तर जमिनीसाठी ४ अंशही लागत नाहीत, आणि नवीन माणूस नेमकी इथेच चूक करतो, सरळ ८ वर नेतो. मी त्याहून भारी चूक केलीये: सकाळी फरशांचे फोटो काढून टिल्ट तसाच ठेवला आणि दुपारी घरी मुंजीचे काढले, बटूचे डोळे शार्प आणि हनुवटी धुक्यात, अख्ख्या १२ फ्रेम तशाच. आत्या अजून विचारते की फोटो कुठे आहेत.

सगळ्या हालचाली एकाच ठिकाणी हव्या असतील तर फुजी जीएक्स६८० (१९८९), पुढच्या भागात राइझ, फॉल, शिफ्ट, टिल्ट, स्विंग सगळं, फ्रेम ६×८ म्हणजे १२० च्या रोलवर ९ फोटो, वजन मात्र लेन्ससकट चार किलोच्या घरात आणि बॅटरीशिवाय हलत नाही, म्हणजे इंदूरच्या सराफा बाजाराच्या गर्दीत घेऊन जायची वस्तू नाही. फोकस ग्राउंड ग्लासवर (कॅमेऱ्यातल्या धुरकट काचेवर) लूप म्हणजे भिंग लावूनच बघावा, आणि वेस्ट-लेव्हलमध्ये, म्हणजे कमरेशी धरून वरून बघायच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, डावं-उजवं उलटं दिसतं हे शिफ्ट करताना हमखास गोंधळात टाकतं. कॅमेऱ्यातलं मीटर वापरत असाल तर रीडिंग लेन्स सरकवण्याआधी घ्यायचं, नंतर ते चुकीचं दाखवू शकतं.

उलटा टिल्ट देऊन खरं शहर खेळण्यासारखं दाखवायच्या पद्धतीमुळेच टिल्ट-शिफ्ट हा शब्द घरोघरी गेला, मला ती पद्धत दोन फोटोंनंतर कंटाळवाणी वाटते. स्कॅन करून सॉफ्टवेअरमध्ये कडा सरळ करता येतातच, फक्त तिथे फोटोचा वरचा भाग ताणला जातो, आणि फिल्म असल्याने ग्रेनही (फिल्मचे बारीक दाणे) त्याच्याबरोबर ताणला जातो, मोठी प्रिंट काढली की राजवाड्याच्या लाकडी मजल्यांवरचा ग्रेन खालच्या दगडी मजल्यांपेक्षा जाडा दिसतो.