वातीचा पीळ आणि क्लाइंबिंगचा दोर

परवा भाचा मंगळ बाजारातून पिवळा प्लास्टिकचा 20 मीटर दोर घेऊन आला आणि म्हणाला, मामा, दुकानदार म्हणतो याने ट्रक ओढतात, मग माणसाचं वजन ते काय. ग्रुपबरोबर पावागढला खडक चढायला जायचं होतं. मी तो दोर काढून घेतला, गच्चीवर कपडे वाळत घालायला बांधला, आणि तासभर त्याला बसवून जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण "किती किलो तोलतो" एवढं एकच विचारून दोर घेणारे खूप भेटतात आणि तो प्रश्न अर्धाच आहे.

सुरुवात केली आईच्या देवघरातल्या कापसापासून. पेळू काढला, दोन बोटांत धरून ओढला, अलगद सुटला. त्यात एकही तंतू तुटला नाही, नुसते एकमेकांवरून सरकले, कारण कापसाचा तंतू असतो जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा. मग आईने त्याच कापसाची वात वळून दिली आणि भाच्याला म्हटलं, आता ओढ. या वेळी चांगला जोर लावावा लागला. कापूस तोच, वजन तेच, बदलला फक्त पीळ. पीळ दिलेला तंतू मळसूत्रासारखा गोल फिरत जातो, त्यामुळे दोन्ही टोकांनी ओढलं की तो आतल्या तंतूंना आवळतो, आवळलं की घर्षण वाढतं, घर्षण वाढलं की सरकणं थांबतं, म्हणजे जितकं ओढाल तितकी पकड घट्ट. तीन सेंटिमीटरच्या तंतूंपासून शंभर हाताचा दोर होतो तो एवढ्या एकाच गोष्टीवर! ताग, अंबाडी, काथ्या, सगळीकडे हेच, फक्त तंतू कापसापेक्षा लांब. सुताला पीळ एका दिशेने, पेडाला उलट, आणि तीन पेड वळताना पुन्हा उलट, म्हणजे एकाची उलगडायची ओढ दुसरा अडवतो.

पण पीळ वाढवत नेला की ताकद वाढतच जाते असं नाही. तंतू तिरका झाला की त्याच्या जोराचा काही भागच दोराच्या दिशेने कामी येतो, आणि हा हिशोब साधारण कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने चालतो, म्हणजे तंतू 20 अंश तिरका असेल तर जवळपास 88 टक्केच ताकद हाती लागते. कमी पीळ दिला तर तंतू सरकतात, जास्त दिला तर ताकद वाया जाते, दोर वळणाऱ्याचं कसब या दोन्हींच्या मध्ये.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत गिर्यारोहक हेम्प आणि मनिला अशा वनस्पतींच्या तंतूंचेच दोर वापरायचे, आणि नियम असा की पुढे चढणाऱ्याने पडायचंच नाही. मग नायलॉन आलं. 1935 मध्ये अमेरिकेत कॅरदर्सने नायलॉन 66 बनवलं, 1938 मध्ये जर्मनीत पॉल श्लाकने कॅप्रोलॅक्टम नावाच्या रसायनापासून नायलॉन 6. हेच कॅप्रोलॅक्टम आपल्या बडोद्यात फर्टिलायझरनगरला जीएसएफसी या खत कंपनीत बनतं, इथल्या किती जणांना माहीत आहे कोण जाणे! आजचे बहुतेक क्लाइंबिंगचे दोर नायलॉन 6 चे. याचा तंतू दोराइतकाच लांब, अखंड. भाच्याने इथे बरोबर विचारलं, मग सरकायचा प्रश्नच नाही, पीळ कशाला?

मी जुना, वापरातून काढलेला दोर कापून दाखवला. वर विणलेलं रंगीत आवरण, आत पांढऱ्या दोऱ्यांचा गाभा. 1953 मध्ये जर्मनीच्या एडेलरिडने आणलेली ही कर्नमँटल रचना, जर्मनमध्ये कर्न म्हणजे गाभा आणि मँटल म्हणजे डगला. आतला प्रत्येक दोरा पिळाचा, निम्मे उजव्या पिळाचे, निम्मे डाव्या, नाहीतर लटकलेला माणूस भोवऱ्यासारखा फिरेल. शिवाय हे सूत आधी गरम करून आकसवलेलं असतं. म्हणजे कापसात पीळ पकडीसाठी होता, इथे तोच पीळ स्प्रिंगचं काम करतो.

स्प्रिंग का हवी ते आकड्यात बघा. 80 किलोचा माणूस 5 मीटर पडला. दोर ताणला जाऊन त्याने दीड मीटरमध्ये थांबवलं तर सरासरी साडेतीन किलोन्यूटनच्या आसपास जोर बसतो, म्हणजे साडेतीनशे किलोचा भार. तेच न ताणणाऱ्या तारेने 10 सेंटिमीटरमध्ये थांबवलं तर 40 किलोन्यूटन, चार टन! तार कदाचित टिकेल, माणूस नाही. म्हणून यूआयएए या गिर्यारोहणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या चाचणीत सिंगल दोराला, म्हणजे एकटाच वापरायच्या दोराला, 80 किलोचं वजन बांधून जबरदस्त पाडतात, निदान 5 वेळा तो तुटता कामा नये, आणि पहिल्या पडण्यात झटका 12 किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये. हे 12 मला तुटण्याच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे वाटतात. स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणाऱ्या दोराचा गाभा जवळजवळ सरळ ठेवलेला असतो, तो उतरायला, सामान ओढायला उत्तम, पण त्याच्या भरवशावर पुढे चढायचं नाही म्हणजे नाही.

आणि ऑनलाइन "कमांडो रोप" म्हणून जो पॅराकॉर्ड, म्हणजे पॅराशूटचा बारीक दोर, खपवतात तो 550 पौंडाचा, म्हणजे जेमतेम 250 किलो. तंबू बांधा, जीव टांगू नका.

बारीक कॉर्डचा, म्हणजे गाठी मारायच्या बारीक दोरीचा, हिशोब वेगळा. युरोपच्या मानकात 4 मिलिमीटरला किमान 3.2 किलोन्यूटन, 8 ला 12.8, व्यास दुप्पट की ताकद चौपट. पण गाठ मारली की त्यातला बराच भाग जातो, कारण वळणावर बाहेरचे तंतू ताणले जातात आणि आतले नुसते दबतात. डायनीमा नावाच्या प्लास्टिक तंतूची दोरी वजनाच्या मानाने पोलादाच्या कितीतरी पट भारी, पण इतकी गुळगुळीत की गाठ सरकते, आणि 145 अंशाच्या आसपास वितळते, नायलॉन 6 वितळतं ते 220 च्या आसपास. प्रुसिकची गाठ, म्हणजे मुख्य दोराला बारीक दोरीने घट्ट आवळणारी गाठ, भरभर घसरली तर हा फरक फार मोठा.

दोराला पाय लागला की आपल्याकडे पोरं लगेच नमस्कार करतात. भावना चांगली आहे, पण नमस्काराने आत शिरलेली बारीक वाळू निघत नाही, ती आतून तंतू कापत राहते. कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, आणि ओल्या दोरावर कोरड्याइतका भरवसा नको, नायलॉन पाणी पितं आणि झटका सोसायची ताकद घटते.

शेवटी भाच्याला विचारलं, नवीन दोर आणला तर ठेवणार कुठे? त्याने जिन्याखालची जागा दाखवली, इन्व्हर्टरच्या बॅटरीला लागून. बॅटरीतलं सल्फ्युरिक ॲसिड नायलॉनच्या साखळ्या तोडतं आणि वरून दोर तसाच नवा दिसतो, डाग नाही की काही नाही. त्याच दिवशी आईने कपाटातला एक खण रिकामा करून दिला.