वस्त्रोद्योगाचे सामाजिक व पर्यावरणीय परिणाम

तंतूंच्या उत्पादनापासून टाकून दिलेल्या कपड्याच्या विल्हेवाटीपर्यंत वस्त्रोद्योगाचा माणसांवर, पाण्यावर, जमिनीवर आणि हवेवर पडणारा भार. २००० साली जगात सुमारे ५.८ कोटी टन तंतू तयार झाले होते. आता हे उत्पादन वर्षाला ११ कोटी टनांच्या पुढे गेले आहे. लोकसंख्या या काळात तेवढी वाढलेली नाही. वाढीचा मोठा वाटा स्वस्त पॉलिएस्टरचा आहे.

बहुतेक बड्या ब्रँडांचे स्वतःचे कारखाने नसतात. नमुना, भाव आणि माल जहाजावर चढवण्याची तारीख ते ठरवतात. शिलाई दुसऱ्या देशातला कारखाना करतो आणि मुदत गाठता येईनाशी झाली की त्यातले काम आणखी लहान कारखान्याला उपकंत्राटाने देतो. १९७४ पासून श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटे लावले होते. १ जानेवारी २००५ रोजी ते उठले आणि सर्वांत कमी भावात शिवून देणाऱ्याकडे काम सरकण्याचा वेग वाढला. पुढे दिलेले बरेचसे दुष्परिणाम याच रचनेतून येतात, कारण भाव पाडून घेणाऱ्याला त्याची झळ क्वचितच लागते.

शिलाई कामगारांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. कमी मजुरी, सक्तीचे जादा तास आणि संघटना बांधण्यास विरोध या त्यांच्या जुन्या तक्रारी आहेत. बांगलादेशात २०२३ मध्ये कामगार संघटनांनी २३,००० टका मासिक किमान वेतन मागितले; आंदोलनात कामगारांचे जीव गेले आणि वेतन १२,५०० टका ठरले.

ढाक्याजवळच्या सावर येथील राणा प्लाझा या आठ मजली इमारतीच्या खांबांना २३ एप्रिल २०१३ रोजी तडे गेले. खालची बँक आणि दुकाने दुसऱ्या दिवशी उघडली नाहीत. वरच्या कपड्याच्या कारखान्यांतील कामगारांना मात्र पगार कापण्याची धमकी देऊन कामावर बोलावले गेले. सकाळी वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि थोड्याच वेळात इमारत कोसळली. १,१३४ माणसे मेली. यातल्या काही कारखान्यांची त्याआधी खाजगी संस्थांनी तपासणी केली होती, ही बाब विशेष गंभीर आहे. त्यानंतर ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात इमारत व अग्निसुरक्षेचा करार झाला. कायद्याने बंधनकारक असल्यामुळेच तो आधीच्या ऐच्छिक आचारसंहितांपेक्षा परिणामकारक ठरला.

पाण्याच्या प्रदूषणात सर्वांत मोठा वाटा रंगाई व प्रक्रियेचा. सुती कापडाला बहुधा रिअ‍ॅक्टिव्ह रंग देतात. रंगाच्या पाण्यात भरपूर मीठ घातले की रंग धाग्याकडे ओढला जातो. मग सोडा घातला की तो धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो. सगळा रंग कधीच बसत नाही. उरलेला पाण्याशीच अभिक्रिया पावून निकामी होतो आणि कापडाला नुसता चिकटून राहतो. तो निघावा म्हणून कापड साबणाच्या गरम पाण्यातून आणि साध्या पाण्यातून पुन्हा पुन्हा काढावे लागते. सांडपाण्याचा रंग डोळ्यांना दिसतो म्हणून त्याबद्दल ओरड होते, पण जास्त चिवट असते ते मीठ. नेहमीच्या जैविक प्रक्रियेने ते निघत नाही. त्यासाठी उलट परासरण (पाणी दाबाने अतिसूक्ष्म पडद्यातून गाळणे) आणि बाष्पीभवन यंत्रणा लागते व ती भरपूर ऊर्जा खाते. तमिळनाडूतील तिरुप्पूर या होजिअरीच्या केंद्राजवळ नोय्यल नदीवरचे ओरत्तुपाळयम धरण सिंचनासाठी बांधले होते. त्यात रंगाईचे खारे पाणी साठले. शेतकरी न्यायालयात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला.

एका सुती टी-शर्टमागे २,७०० लिटर पाणी लागते, हा आकडा सर्वत्र दिला जातो. पावसावरचा कापूस आणि ओलिताचा कापूस यांत एवढा फरक आहे की एकच आकडा दिशाभूल करतो. पाणी कुठून घेतले हे महत्त्वाचे. सोव्हिएत काळात १९६० च्या दशकापासून अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी मुख्यतः कापसाकडे वळवले गेले आणि जगातले चौथे मोठे सरोवर असलेला अरल समुद्र आटला. उझबेकिस्तानातील मुइनाक हे मासेमारीचे बंदर आता किनाऱ्यापासून फार दूर आहे. उघड्या पडलेल्या तळावरून उडणारी धूळ मीठ आणि कीटकनाशके घेऊन वस्त्यांवर येते.

पॉलिएस्टरला शेत लागत नाही, पण ते खनिज तेलापासून बनते आणि धुताना त्यातून सूक्ष्म प्लॅस्टिक तंतू सुटतात. जगातील कार्बन उत्सर्जनात या उद्योगाचा वाटा १० टक्के असल्याचे वारंवार सांगितले जाते. त्याला भक्कम आधार नाही. काळजीपूर्वक केलेले अंदाज बहुधा त्याहून कमी येतात. अर्थात कमी अंदाजही थोडाथोडका नाही.

टाकलेल्या कपड्यांपैकी बरेच देश सोडतात. घानाच्या अक्रा शहरातील कांतामांतो बाजारात जुन्या कपड्यांच्या गासड्या उतरतात. विक्रेत्याला गासडी न पाहता विकत घ्यावी लागते, त्यामुळे आत फाटके-डागाळलेले निघाले तर तोटा त्याचाच. न खपलेला माल गटारांत आणि समुद्रकिनाऱ्यावर जातो. चिलीच्या आताकामा वाळवंटात इकिकेच्या मुक्त बंदरातून आलेल्या कपड्यांचे ढीग पडले आहेत. जुन्या कपड्याचा पुन्हा कपडा होण्याचे प्रमाण एक टक्क्याहून कमी मानले जाते. कापूस आणि पॉलिएस्टर एकाच धाग्यात मिसळलेले असले की ते वेगळे करणे अवघड होते, आणि यंत्राने पिंजलेल्या जुन्या सुती कापडाचे तंतू इतके आखूड होतात की नवे तंतू मिसळल्याशिवाय चांगले सूत निघत नाही.

फ्रान्सने २००७ पासून कपड्याच्या विल्हेवाटीचा खर्च उत्पादकांवर टाकला. न विकलेले नवे कपडे मोठ्या कंपन्यांनी नष्ट करण्यावर युरोपीय संघाने २०२४ च्या नियमाने बंदी घातली असून तिच्या अंमलबजावणीची तारीख जुलै २०२६ ठेवली. २०२३ पासून लागू झालेल्या जर्मनीच्या पुरवठा साखळी कायद्याने कंपनीच्या खरेदीच्या पद्धतींनाही जबाबदारीच्या कक्षेत आणले. या पद्धतींचा फटका कोणाला बसतो हे आधीच दिसले होते: २०२० मध्ये महामारी येताच अनेक खरेदीदारांनी शिवून तयार असलेल्या मालाच्याही ऑर्डरी रद्द केल्या होत्या. कारखानदारांनी कापड आधीच विकत घेतले होते आणि लाखो कामगारांची मजुरी थकली होती.