‘फिल्म कशी वाटली?’ या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं

गेल्या पावसाळ्यात मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाची दोन मुलं नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या माझ्या खोलीत आली. स्वतः पार भिजलेली, लॅपटॉप मात्र रेनकोटात गुंडाळून कोरडा आणलेला. एवढ्यावरच मी निम्मा खूश झालो.

“सर, आमच्या शॉर्टफिल्मवर फीडबॅक पाहिजे होता,” एक म्हणाला. “तसा पुष्कळ घेतलाय आम्ही. तीसेक जणांना दाखवली. सगळे म्हणतात, मधे लांबते. आम्ही कापली. तरी लांबतेच.”

‘फीडबॅक’ या एका शब्दात आपण दोन कामं कोंबतो आणि मग असं होतं. मराठीत त्यांना दोन चांगले शब्द आहेत, प्रतिक्रिया आणि अभिप्राय. पण रोजच्या बोलण्यात आपण तेही एकमेकांच्या जागी वापरतो. फिल्म बघताना माणसाला जे होतं ती प्रतिक्रिया. कंटाळा येतो, हसू फुटतं, डोळे भरतात, हात मोबाइलकडे जातो. ते खोटं नसतं आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. “तुम्हाला कंटाळा यायला नको होता” असं कुणाला सांगून काय मिळणार? अभिप्राय म्हणजे तो कंटाळा कशामुळे आला, याचा काम जाणणाऱ्या माणसाने घेतलेला माग. तो चुकू शकतो. त्यावर वाद घालता येतो, घालावाही.

आमच्या जुन्या घराचा स्लॅब गळायचा. पाणी टपकायचं हॉलमधल्या पंख्याजवळ. वडिलांनी दोन उन्हाळे पंख्याच्या बरोबर वर, गच्चीत, वॉटरप्रूफिंग करून घेतलं. गळती तशीच. शेवटी एका गवंड्याने पाण्याच्या टाकीखालची भेग दाखवली, पंख्यापासून चांगली पंधरा फूट लांब. आई “पंख्याजवळ गळतंय” म्हणत होती ते शंभर टक्के खरंच होतं. पण भेग कुठे आहे, हे तिला विचारून कळणार नव्हतं.

मुलांच्या फिल्मचं नेमकं तेच झालं होतं. गोष्ट भांडी बाजारामागच्या गल्लीतल्या एका तांबटाची. बाप मठारकाम करणारा, म्हणजे तांब्याची भांडी हातोड्याने ठोकून घडवणारा, मुलगा सातपूरला कंपनीत. एका जुन्या गिऱ्हाइकाचा पाणी तापवायचा बंब दुरुस्तीला आलेला. बापाचा हात दुखावतो आणि शिफ्ट करून आलेला मुलगा रात्रभर बसून काम पुरं करतो. सातव्या मिनिटाला तो रात्रीचा प्रसंग सुरू होतो: हातोडा, तांबं, पिवळा बल्ब, घाम. पावणेतीन मिनिटं. सगळ्यांना लांबलं ते तिथेच. मुलांनी त्यातले ५० सेकंद कापले. पुढच्या प्रेक्षकांनाही लांबलं, त्याच जागी.

मी पहिल्यापासून बघायला घेतली. १ मिनिट ४० सेकंदांवर बाप मान वर न करता काहीतरी पुटपुटला. मागे शेजारच्या दुकानातले ठोके चालू. मला अक्षर कळलं नाही. मी थांबवून विचारलं, “काय म्हणाला?”

दोघं एका सुरात: “सकाळच्या गाडीने न्यायला येतील.”

त्यांना ते वाक्य पाठ होतं. त्यांनीच लिहिलेलं, शूट केलेलं, टाइमलाइनवर शेकडो वेळा ऐकलेलं. त्यांना ते ऐकू ‘येत’ होतं. बघणाऱ्या कुणालाही ते आलं नसणार, आणि कुणी तसं बोललंही नाही. बोलणार कसं? जे कानावर पडलंच नाही ते राहिलंय, हे माणसाला कळत नाही. सकाळची मुदत माहीत नसेल तर रात्रीचे ठोके हे नुसते ठोके. पोरगा रात्रभर का बसलाय? आत्ताच का? प्रेक्षकाच्या डोक्यात हा प्रश्न शब्दांत येत नाही, तो खुर्चीत चुळबुळ करतो आणि दिवे लागल्यावर म्हणतो, “छान आहे, मधे जरा लांबते.” पाणी सातव्या मिनिटाला टपकत होतं, भेग दुसऱ्या मिनिटाच्या आत होती.

म्हणून प्रतिक्रिया कमी प्रतीची, असं कुणी समजू नये. तीस जण एकाच जागी चुळबुळले, ही माहिती मी एकटा देऊच शकलो नसतो. पण ती घेण्याची एक रीत आहे आणि बहुतेक विद्यार्थी ती मोडतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकायची आणि अंगठे मोजायचे, ही काही प्रतिक्रिया नाही. ज्यांनी फिल्ममध्ये काम केलंय, ज्यांनी लाइट धरलाय, ज्यांच्या घरी शूट झालंय, त्यांना बोलावून उपयोग नाही, ते फिल्म न बघता स्वतःला शोधत असतात. पाच-सहा कोरी माणसं एका खोलीत बसवा. आधी गोष्ट सांगू नका, “अजून साउंड व्हायचाय हं” अशी माफीही मागू नका. आणि फिल्म चालू असताना पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघा. कोण कधी मागे टेकलं, खोकला कुठे आला, मोबाइलचा उजेड कितव्या मिनिटाला पडला, हे वहीत टिपा. संपल्यावर “आवडली का?” आणि “समजली का?” हे दोन प्रश्न गिळून टाका. दोन्हींचं उत्तर ‘हो’च येतं. नाशिककर मिसळीवर भांडेल, पण पोरांनी कष्टाने केलेल्या फिल्मला तोंडावर वाईट म्हणणार नाही. त्यापेक्षा म्हणा, “गोष्ट काय होती, सांगाल?” तांबटाच्या फिल्मच्या बाबतीत हे आधी विचारलं असतं, तर सकाळच्या गाडीचा उल्लेख कुणाच्याच तोंडी येत नाही, हे माझ्याकडे यायच्या आधीच कळलं असतं.

आणखी एक. कोरा माणूस एकदाच कोरा असतो. दुसऱ्यांदा तीच फिल्म दाखवलीत की तो पहिल्या वेळेशी तुलना करतो. ओळखीतले तीसही जण पहिल्याच कटवर, म्हणजे फिल्मच्या पहिल्याच आवृत्तीवर, उधळून टाकले, तर सुधारलेला कट दाखवायचा कुणाला? या दोघांनी तेच केलं होतं.

अभिप्रायाची रीत याच्या उलटी. इथे आधी सांगावं लागतं: काम कुठल्या टप्प्यावर आहे, संगीत तात्पुरतं आहे का, रंगांचं काम झालंय का. प्रेक्षकांसमोर पडद्यावर टाइमकोड, म्हणजे चालू मिनिट-सेकंदांचे आकडे, कधीच ठेवू नये, त्यांचे डोळे आकड्यांकडे जातात. व्यावसायिकाला मात्र टाइमकोडशिवाय पाठवू नये. नाहीतर “तो दाराजवळचा शॉट… नाही, त्याच्या आधीचा” असं बोलण्यात अर्धा तास जातो.

वेळही महत्त्वाची. पिक्चर लॉक होण्याआधी, म्हणजे चित्राची कापाकापी कायमची ठरण्याआधी, विचाराल तर एडिटरचा उपयोग. मिक्स होण्याआधी, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवण्याआधी, विचाराल तर साउंडवाल्याचा. रंग, मिक्स, टायटल सगळं आटोपून, महोत्सवांना अर्ज भरून झाल्यावर “सर, जरा बघता का” म्हणणाऱ्याला अभिप्राय नको असतो, पाठीवर थाप हवी असते. थाप मागायला हरकत नाही, फक्त तसं सांगावं. “सर, अभिप्राय द्या” म्हणत पाठवलेल्या कितीतरी मेलमध्ये खरी मागणी ‘मला असिस्टंट म्हणून घ्या’ अशी असते, तीही सरळ मागितलेली बरी.

कुणाला विचारायचं, यावर मुलं फार कमी विचार करतात. ‘इंडस्ट्रीतला’ माणूस मिळाला की झालं, असं त्यांना वाटतं. पण आम्ही सगळे आपापल्या खिडकीतून बघतो. कॅमेरामन उजेड बघेल. मला लांबी आणि आवाज दिसतात, कपडेपट चुकला तर माझ्या लक्षातही येणार नाही. लेखक पहिल्या दृश्यातच संवादांवर अडेल. त्यामुळे आधी स्वतःची शंका नक्की करा, मग माणूस शोधा. मला आलेल्या मेलपैकी निम्म्यांत एवढंच असतं: “सर, माझी शॉर्टफिल्म पाठवत आहे, कृपया फीडबॅक द्यावा.” त्यावर काय लिहिणार? “पाहिली, चांगला प्रयत्न.” त्या दोघांना मी पुढच्या वेळेसाठी असं काहीतरी लिहायला सांगितलं:

“सर, १३ मिनिटांची फिल्म आहे, पिक्चर लॉक व्हायचाय. लिंक आणि पासवर्ड खाली दिलाय, टाइमकोड पडद्यावर आहे. संगीत तात्पुरतं. प्रेक्षकांना सातव्या मिनिटापासून लांबते असं वाटतंय, तिथले ५० सेकंद कापूनही फरक पडला नाही. कारण आधीच्या भागात आहे का, एवढंच पाहाल का? २० तारखेपर्यंत कळवलंत तर बदल करता येईल. वेळ नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल.”

यात प्रतिक्रिया हा पुरावा झालाय आणि अभिप्रायासाठी प्रश्न तयार झालाय. अशा मेलला उत्तर न देणं मला तरी जड जातं.

नाशकात बसून फिल्मवर लिहायचं आणि फाळक्यांचं नाव काढायचं नाही, हे काही जमत नाही. दादासाहेब त्र्यंबकेश्वरचे, आणि १९४४ साली गेले तेही इथे नाशकातच. १९१२ साली ते कॅमेरा घ्यायला आणि काम शिकायला लंडनला गेले तेव्हा ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या संपादकाला जाऊन भेटले. त्याने आधी परावृत्तच केलं. इंग्लंडमध्येच कितीतरी निर्माते बुडालेत, शिवाय हिंदुस्थानची हवा या धंद्याला मानवणार नाही, असं त्याचं म्हणणं. हा चोख अभिप्राय होता, तोही पैसे घालण्याआधी मिळालेला. फाळक्यांनी हवेचा मुद्दा सोडून दिला, पण त्या माणसाला सोडलं नाही. त्यानेच पुढे त्यांना सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे नेलं आणि तिथे त्यांना स्टुडिओतलं काम आतून बघायला मिळालं. परत आल्यावर भांडवल उभं करण्यासाठी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर एकेक फ्रेम घेत, सुमारे महिनाभर चित्रित केला आणि ती छोटी फिल्म पैसेवाल्यांना दाखवली. तिथे ‘कशी वाटली?’ हा प्रश्नच नव्हता. हे तंत्र माझ्या हातात आलंय, एवढंच दाखवायचं होतं. आजच्या मुलांनाही कधीकधी तेवढंच हवं असतं आणि ते उगीच फीडबॅकच्या नावाखाली मागतात.

अभिप्राय घेताना कारण घ्यावं, उपाय तपासून घ्यावा. व्यावसायिक माणूस पटकन उपायावर येतो, सवयच तशी लागलेली असते. आणि त्याच्यातली एक उणीव त्याला स्वतःला दिसत नाही: त्याचं कोरेपण केव्हाच गेलेलं असतं. हजार फिल्म बघितलेला माणूस शेवटचा शॉट लांबला की घड्याळ बघतो.

हे मी माझ्याच चुकीवरून सांगतोय. तांबटाच्या फिल्मचा शेवटचा शॉट म्हणजे रिकामी फरशी. बंब गेलाय आणि तो ठेवला होता तिथे काळा गोल डाग उरलाय. १४ सेकंद. मी म्हटलं, “पाच ठेवा. डाग दिसला, कळलं, संपवा.” आवाजाची चूक सापडल्यामुळे मला जरा चढलेलीच होती. मुलांनी मान डोलावली, आणि गुपचूप दोन कट बनवले. एक पाच सेकंदांचा, एक चौदाचा. यावेळी खरोखरच कोरी माणसं गाठली. एका मुलाच्या सोसायटीतला ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा आणि दुसऱ्याच्या आईचं भजनी मंडळ. पाच सेकंदांवर कट्ट्याने लगेच टाळ्या वाजवल्या आणि चहाचं विचारलं. भजनी मंडळाने चौदा सेकंदांचा शेवट बघितला, आणि नावं वर सरकायला लागली तरी कुणी बोललं नाही. मुलगा मला हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. चौदा सेकंद राहिले, ते बरंच झालं.

बापाचं काम करणाऱ्या काकांना त्याआधीच बोलावून, खिडकीला गाद्या लावून, ते एक वाक्य बंद खोलीत पुन्हा रेकॉर्ड केलं होतं. “सकाळच्या गाडीने न्यायला येतील.” त्याच्याखालचे शेजारच्या दुकानाचे ठोके खाली घेतले. चित्राला कात्री लागली नाही. उलट कापलेले ५० सेकंद मुलांनी परत जोडले, म्हणजे या दोन्ही मंडळींनी बघितलेला रात्रीचा प्रसंग पुन्हा पावणेतीन मिनिटांचा होता. ‘मधे लांबते’ असं दोन्हीकडे कुणी म्हणालं नाही. भजनी मंडळातल्या एका काकूंनी फक्त विचारलं, तो बंब विकायचाय का म्हणून.