एरिक लेमिंग आणि भाल्याचे गणित

1900 साली पॅरिसमध्ये ऑलिंपिक भरले, तेव्हा कार्यक्रमात भालाफेक नव्हतीच. त्यामुळे स्वीडनच्या गोथेनबर्गचा वीस वर्षांचा एरिक लेमिंग उंच उडी, लांब उडी, तिहेरी उडी, बांबूउडी, थाळीफेक आणि हातोडाफेक अशा सहा प्रकारांत उतरला. उंच उडीत आणि बांबूउडीत तो चौथा आला. पदक एकही मिळाले नाही. भाला मात्र त्याने आदल्याच वर्षी 49.32 मीटर फेकला होता.

वरवर ही सहा प्रकारांची भेळ वाटते, पण शरीराच्या दृष्टीने त्यांचे भालाफेकीशी जवळचे नाते आहे. भाला हाताच्या जोरावर फेकतात हा समज अर्धाच खरा आहे. धावत आलेला खेळाडू अखेरच्या पावलाला पुढचा पाय ताठ रोवतो, तेव्हा कमरेखालचे शरीर एकदम अडते आणि धावेचा संवेग धड, खांदा, कोपर व मनगट असा क्रमाने वर सरकतो. पुढचा प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा हलका असल्याने त्याचा वेग वाढत जातो. उडी मारणाराही धावेच्या शेवटी पाय असाच रोवतो, तर थाळी फेकताना कमरेचा पीळ खांद्यापर्यंत पोहोचवावा लागतो.

1906 मध्ये अथेन्सला भालाफेक आली. लेमिंगने 53.90 मीटर फेक केली आणि दुसरा क्रमांक जवळपास नऊ मीटर मागे राहिला. त्याच स्पर्धेत गोळाफेक, प्राचीन पंचक्रीडा आणि रस्सीखेच यांत त्याने कांस्यपदके मिळवली. (ही स्पर्धा आज अधिकृत ऑलिंपिक मानली जात नाही.) 1908 मध्ये लंडनला त्याने भालाफेकीची दोन सुवर्णपदके जिंकली, तर 1912 मध्ये स्टॉकहोमला 60.64 मीटरची फेक केली. त्याच वर्षीची त्याची 62.32 मीटरची फेक हा भालाफेकीचा पहिला अधिकृत जागतिक विक्रम ठरला.

हवेचा परिणाम वगळून ढोबळ हिशेब केला, तर 60 मीटरसाठी भाला हातातून ताशी सुमारे 87 किलोमीटर वेगाने सुटावा लागतो. अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून याच हिशेबाने नीरज चोप्राच्या टोकियोतील 87.58 मीटरसाठी वेग केवळ वीस टक्क्यांच्या आसपास जास्त लागतो.

स्टॉकहोमला आणखी एक स्पर्धा होती: उजव्या आणि डाव्या हाताच्या फेकींची बेरीज. डाव्या हाताने फेकायचे म्हटले की रोवायचा पाय बदलतो आणि अंगवळणी पडलेला सगळा क्रम आरशातल्यासारखा उलटा करावा लागतो. तिथे पहिले तिघेही फिनलंडचे होते आणि लेमिंग चौथा आला.