क्लॅरिनेटचे चिरकणे

क्लॅरिनेट वाजवताना हव्या असलेल्या सुराच्या जागी अचानक उमटणाऱ्या तीव्र, उंच आवाजाला सूर चिरकणे असे म्हणतात. नवख्या वादकाच्या बाबतीत हे रोजचे असते, पण मुरलेल्या वादकालाही ते कधी ना कधी गाठतेच.

वाद्याची घडणच त्याला अनुकूल आहे. नळीची पोकळी बहुतांशी एकाच व्यासाची असते आणि रीडकडचे (फुंकण्याच्या तोंडाशी बांधलेल्या, कंप पावणाऱ्या पातळ पात्याकडचे) टोक ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने बंद धरले जाते. त्यामुळे खालच्या पट्टीत प्रामुख्याने विषम क्रमांकाचे संनादी स्वर (मूळ सुराच्या कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट असे सूर) उमटतात, आणि वरच्या पट्टीत जाताना सूर बासरीसारखा षड्जावरून तार षड्जावर न चढता तार सप्तकातल्या पंचमावर उडी घेतो. ही उडी घडवण्यासाठी डाव्या अंगठ्याजवळची रजिस्टर चावी नळीच्या वरच्या भागातले एक बारीक छिद्र उघडते. बोटाच्या कडेला राहिलेली फट हेच काम नको त्या जागी करते. दुसरे कारण खुद्द रीडमध्ये असते. रीडची स्वतःची कंपने साधारण २ ते ३ किलोहर्ट्‌झच्या आसपास असतात. खालच्या ओठाचा मऊ स्पर्श त्यांना आवर घालतो आणि तो सुटला की रीड नळीला न जुमानता स्वतःच्या वेगाने थरथरू लागते.

सूर चिरकला की बहुतेक जण आधी रीड बदलतात, परंतु शोध बोटांपासून सुरू करणेच योग्य. नेहमीच्या दाबाने छिद्र झाकून बोट उचलले असता त्याच्या पेरावर गोल वळ पूर्ण उमटलेला दिसावा. तो एका बाजूला तुटलेला असेल, तर हवा तिथूनच निसटते. उजव्या अनामिकेचे छिद्र मोठे असल्याने ते अर्धवट झाकलेले राहणे ही अगदी नेहमीची चूक होय. उजव्या तर्जनीची बाजू शेजारच्या चाव्यांना नकळत लागते, हेही पाहावे. सर्वांत अवघड जागा मधल्या सुरांवरून वरच्या पट्टीत शिरण्याची: तिथे जवळजवळ सगळी बोटे एकाच क्षणी बसावी लागतात, म्हणून डावी तर्जनी न उचलता नुसती कलती करावी आणि उजव्या हाताची बोटे आधीच छिद्रांवर ठेवावीत. (भारतीय रागसंगीतात मींडेसाठी (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी) छिद्र मुद्दाम अर्धे उघडले जाते, पण तिथे ओठ आणि श्वास त्या फटीला सांभाळून घेतात.)

तोंडात माउथपीस (रीड बांधलेला, फुंकण्याचा भाग) किती घ्यावा, हे कागदाच्या तुकड्याने ठरवता येते. तो रीड आणि माउथपीस यांच्यामध्ये सरकवल्यावर जिथे अडतो, तिथवर खालचा ओठ असावा. त्याहून आत गेल्यास रीड मोकाट सुटते. चावून धरल्यास ती मिटू लागते आणि सूर दबतो. गाल फुगवल्यानेही पकड ढिली होते.

रीड वाळलेली असेल, तर तिचे पातळ टोक लाटेसारखे वळलेले दिसते. वाजवण्यापूर्वी ती काही मिनिटे ओली करावी. ती बरोबर मध्यावर बांधावी आणि तिच्या टोकावर माउथपीसची केसाएवढी काळी कड दिसावी. टोकाला कपचा उडालेली रीड टाकूनच द्यावी.

इतके करूनही चिरकणे थांबले नाही, तर दोष वाद्यात असू शकतो. वरचा जोड (नळीच्या दोन मुख्य तुकड्यांपैकी वरचा) सुटा करून त्याची छिद्रे बोटांनी व खालचे तोंड तळहाताने बंद करावे आणि वरून हवा ओढावी. ओढ काही क्षण टिकली नाही, तर एखाद्या चावीखालचा पॅड (छिद्र झाकणारी मऊ गादी) गळतो आहे, असे समजून वाद्य कारागिराकडे द्यावे. दोन्ही जोड एकत्र बसवताना त्यांना सांधणारी पुलासारखी चावी वाकली, तरीही गळती होते. म्हणून जोड बसवताना वरच्या जोडावरची कडी दाबून ती उचललेली ठेवावी.