अर्धा ग्रॅम मलम, दोन सेंटिमीटरची कड

गजकर्णाची बुरशी फार खोल जात नाही. त्वचेवरचा मृत पेशींचा थर अंगावर बहुतेक ठिकाणी १० ते २० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो. तिचा मुक्काम तिथेच, आणि त्यातलं केराटिन हे प्रथिनच तिचं अन्न. हा थर हाताने पोचण्याजोगा असल्याने वरून लावायच्या औषधाला खरं तर सोपं काम असायला हवं. तरीही जांघेतला नायटा वर्षवर्ष जात नाही. यात बुरशीचा वाटा आहेच, पण मलम लावण्याच्या पद्धतीचाही मोठा वाटा आहे.

आधी कडेचं बघू. गजकर्ण गोल दिसतं, कारण बुरशी मधून बाहेर पसरत जाते. मधला भाग निवळतो आणि कड लाल, उंचावलेली, खवल्यांची राहते. खाज सुटते तिथे लोक मलम चोळतात, पण बुरशीचे तंतू दिसणाऱ्या कडेच्याही पुढे गेलेले असतात. म्हणून कडेबाहेर निरोगी दिसणाऱ्या त्वचेवर २ सेंटिमीटरपर्यंत मलम लावायचं असतं. लावताना बाहेरून आत यावं, म्हणजे बोटाने बुरशी बाहेर पसरत नाही.

मग प्रमाण. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत ट्यूबमधून एक पट्टी काढली, तर मोठ्या माणसाच्या बोटावर साधारण अर्धा ग्रॅम मलम बसतं (ट्यूबचं तोंड ५ मिलिमीटरचं धरून). तेवढं मलम बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. आता हिशोब करा. दोन्ही जांघा आणि कुल्ल्यांचा काही भाग मिळून चार तळव्यांएवढी जागा असेल, तर एका वेळेला १ ग्रॅम, दिवसातून दोनदा म्हणजे २ ग्रॅम आणि चार आठवड्यांत ५६ ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब आठवडाभरात संपायला हवी. ती महिनाभर पुरवली तर जेमतेम पाव मात्रा लागली. अशा अर्धवट मात्रेने बुरशी मरत नाही, नुसती दबते.

मुदतीचंही तसंच. खाज आठवड्याभरात कमी होते, आणि तिथेच बहुतेकांचा उपचार थांबतो. पण वरचा थर पूर्ण बदलायला साधारण दोन आठवडे लागतात आणि तोवर आतले तंतू व बीजाणू जिवंत राहू शकतात. म्हणून डाग दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे मलम चालू ठेवायचं, हा त्वचारोगतज्ज्ञांचा जुना नियम आहे. अंगावरच्या बारीक लवीच्या मुळात बुरशी शिरली असेल, तर मात्र मलम तिथवर पुरत नाही. मग पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात. डोक्यातल्या गजकर्णाचंही तेच, तिथे नुसत्या मलमावर भागत नाही.

नवी औषधं कुठे वेगळी आहेत? लुलिकोनॅझोल १ टक्का मलम केराटिनच्या थरात चांगलं टिकून राहतं, म्हणून दिवसातून एकदाच लावतात. पायाच्या बेचक्यातल्या चिखल्यांसाठी टर्बिनाफिनचं पातळ थर धरणारं द्रावण निघालं आहे. ते दोन्ही पायांना एकदाच लावायचं आणि पुढचे २४ तास पाय धुवायचे नाहीत. औषध मृत थरात साठून राहतं आणि हळूहळू काम करत राहतं. चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत औषध बसवलेली जेलं, त्यांत ०.१ टक्का अँफोटेरिसिन बी, याच विचारातून आली. औषधाचा रेणू जुनाच, बदललं आहे त्याचं वाहन.

वाहनाइतकाच रेणूही महत्त्वाचा ठरतो तो टर्बिनाफिनच्या बाबतीत. हे औषध बुरशीचं स्क्वालिन इपॉक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) अडवतं, त्यामुळे तिच्या पेशीपटलासाठी लागणारं एर्गोस्टेरॉल तयार होत नाही. भारतात गेल्या दशकात बोकाळलेल्या बुरशीला २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी ट्रायकोफायटन इंडोटिनिए हे नाव दिलं. तिच्या अनेक वाणांत या विकरातलं ३९७ वं अमिनो आम्ल बदललेलं असतं, फिनाइलअॅलानिनच्या जागी ल्यूसिन. एवढ्या एका बदलाने टर्बिनाफिनची पकड सुटते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले, त्यांतल्या एकाने परदेश प्रवासही केला नव्हता. अॅझोल गटातली औषधं वेगळ्या विकरावर काम करतात आणि सायक्लोपिरॉक्स ओलामाइन हे बुरशीनाशक तिला लागणारे धातूचे आयन बांधून घेतं, म्हणून टर्बिनाफिन हरल्यावर डॉक्टर यांच्याकडे वळतात. स्वतःहून तिन्ही मलमं एकत्र फासणं मात्र निरर्थक आहे.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र दुकानात सहज मिळणाऱ्या तीन-चार औषधांच्या मिश्र मलमांनी केलं. त्यांत बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज आणि लाली जाते, म्हणून ते ‘रामबाण’ वाटतं. पण स्टेरॉइड त्वचेची प्रतिकारशक्ती दाबतं आणि बुरशी बिनबोभाट पसरते. गोल कड पुसट झाल्याने डॉक्टरलाही गजकर्ण ओळखणं अवघड जातं. जांघेत कायमचे भेगाळ पट्टे पडतात ते वेगळेच. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी ट्यूब घेताना घटकांमध्ये ही नावं आहेत का, हे वाचावंच. शंका असेल तर खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तपासणी स्वस्त आहे आणि पटकन होते.

नखांची गोष्ट मात्र निराळी. पायाचं नख महिन्याला दीड मिलिमीटरच्या आसपास वाढतं, म्हणून इफिनाकोनॅझोलचं १० टक्के द्रावण रोज, तेही ४८ आठवडे लावायचं असतं. दोन मोठ्या चाचण्यांमध्ये पूर्ण बरे झालेले साधारण १५ ते १८ टक्केच होते. हा आकडा आधी कळला तर निम्म्यावर सोडून देणं टळेल.

टाळायचं कसं? मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात घट्ट जीन्स आणि ओली अंतर्वस्त्रं हे बुरशीला आयतंच आमंत्रण असतं. आंघोळीनंतर जांघ आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या होईपर्यंत पुसाव्यात. टॉवेल, अंतर्वस्त्रं, मोजे घरात कुणाशी वाटून वापरू नयेत. हे कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत (थंड पाण्याने बीजाणू मरत नाहीत), उलटे करून उन्हात वाळवावेत आणि ऊन नसेल तेव्हा गरम इस्त्री फिरवावी. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्याचाही उपचार एकाच वेळी करावा, नाहीतर एकाची बुरशी दुसऱ्याकडून परत येते. पायाला चिखल्या असतील तर आधी मोजे घालावेत, मग अंतर्वस्त्र. पायावरून ओढताना त्यावर बीजाणू चिकटतात आणि थेट जांघेत पोचतात.