'हॅपिली'च्या पोटातलं नशीब

जुनी इंग्रजी कादंबरी मराठीत आणताना 'हॅपिली' दिसलं की हात आपोआप 'आनंदाने' लिहितो. पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण हाच शब्द वाक्याच्या तोंडाशी एकटा, पुढे स्वल्पविराम घेऊन आला, तर बहुधा तिथे कुणी आनंदात नसतं. लेखक 'सुदैवाने' म्हणत असतो. मराठीला इथे दोन शब्द लागतात. इंग्रजीचं एकात का भागतं, ते मुळाशी गेल्यावर कळतं.

मूळ शब्द 'हॅप'. तो आला जुन्या नॉर्समधून, म्हणजे उत्तरेकडच्या दर्यावर्दींच्या भाषेतून, आणि त्याचा अर्थ नशीब किंवा योगायोग. त्याचं गणगोत इंग्रजीत अजून नांदतंय: घडणं ते 'हॅपन', दुर्घटना ती 'मिसहॅप', कदाचित ते 'परहॅप्स'. १४व्या शतकात 'हॅपी' वापरात आला तो 'नशीबवान' या अर्थाने; सुखाची छटा नंतर चढली. शेक्सपिअरकडे तर 'हॅपिली' सरळ 'कदाचित'ची जागा घेतं. 'हॅम्लेट'च्या दुसऱ्या अंकात म्हाताऱ्या पोलोनियसची टर उडवताना रोझेनक्रांट्झ म्हणतो की हा गृहस्थ कदाचित दुसऱ्यांदा बाळोत्यात आलाय. त्या 'कदाचित'साठी मुळात 'हॅपिली' आहे. तिथे 'आनंदाने' घातलं तर म्हातारा हौसेनेच बाळोत्यात शिरला, असं होईल!

जेन ऑस्टेनपर्यंत, म्हणजे १८१३च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'पर्यंत, सुखाचा अर्थ पक्का झाला होता, पण नशिबाचा गेला नव्हता. पाद्री नातलग कॉलिन्सची खुशामती बोलणी ऐकून नायिकेचे वडील मिस्टर बेनेट त्याला म्हणतात की नाजूकपणे स्तुती करण्याची कला अंगी आहे, ही तुमच्यासाठी 'हॅपी' गोष्ट आहे. म्हणजे भाग्याची. चेहरा गंभीर ठेवून मारलेला हा टोमणा आहे. त्याच कादंबरीत नायिकेची मैत्रीण शार्लट लूकस सांगते की लग्नातलं सुख हा निव्वळ योगायोगाचा भाग आहे. हे वाक्य तिच्या व्यवहारी स्वभावाचा नमुना म्हणून नेहमी दाखवलं जातं. मला मात्र त्यात शब्दाचं मूळच बोलताना ऐकू येतं: 'हॅपिनेस'च्या पोटात योगायोग आधीपासून बसलेला आहे. ऑस्टेनने ते जाणून लिहिलं असं माझं म्हणणं नाही. पुढे हीच शार्लट कॉलिन्सशी लग्न करते.

'हॅपिली'चं सगळ्यांना ठाऊक असलेलं घर म्हणजे परीकथेचा शेवट: राजपुत्र आणि राजकन्या सुखाने नांदू लागली. ग्रिम बंधूंच्या जर्मन कथांतला ठरीव शेवट याहून कोरडा आहे: मेली नसतील, तर अजून जगत असतील. इंग्रजी वाचकाला मात्र 'हॅपिली'ची चटक लागली, आणि ती कादंबरीच्याही मानगुटीवर बसली. लेखिका शार्लट ब्राँटे 'व्हिलेट' ही कादंबरी लिहीत होती तेव्हा वडिलांनी तिला गळ घातली की नायक-नायिकेचं लग्न लाव आणि परीकथेसारखं त्यांना सुखात राहू दे. एलिझाबेथ गॅस्केलने १८५७च्या ब्राँटे-चरित्रात हे नोंदवलंय. पण नायक समुद्रात बुडतो हे शार्लटच्या मनात ठाम होतं. तिने वडिलांसाठी एवढंच केलं: शेवट धूसर ठेवला. वादळ येतं, जहाजं फुटतात, आणि पुढचं आशावादी वाचकांच्या कल्पनेवर सोडून १८५३ची ही कादंबरी संपते.

ऑस्कर वाइल्डने १८९५मध्ये या सगळ्याची थट्टा केली, तीही नाटकात. 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'मधल्या शिक्षिका मिस प्रिझम यांनी तरुणपणी तीन खंडांची कादंबरी लिहिलेली असते. चांगल्यांचा शेवट 'हॅपिली' झाला, वाइटांचा 'अनहॅपिली', कादंबरी म्हणजे हेच, असं त्या ठासून सांगतात. त्यांची विद्यार्थिनी सेसिली म्हणते, असेल, पण हा फारच अन्याय वाटतो. मग विचारते, तुमची कादंबरी छापली गेली का?

नाही, प्रिझमबाई उत्तरतात. हस्तलिखित दुर्दैवाने गहाळ झालं.